टायरच्या गेजला रबरी कव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेजवाल्यांची आणि पंक्चरवाल्यांची हवेची गेजं मी दुरुस्त करतो. माझ्याकडे येणारी बहुतेक गेजं हातातून निसटून कोब्यावर आपटलेली असतात. त्यामुळे कव्हरबद्दलचे प्रश्न रोज येतात, कधी फोनवर, कधी मेसेजवर. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. रबरी कव्हर म्हणजे नेमकं काय? गेजबरोबर येतं की वेगळं घ्यायचं?

गेजच्या गोल डबीवर ताणून बसवायचा जाड रबराचा बूटच म्हणा. पुढून काचेपुरता उघडा, मागून बहुधा बंद, आणि खाली पितळी दांड्यासाठी भोक. काही गेजं कव्हरसकटच मिळतात. सुटं कव्हर गॅरेजचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. वेल्डिंगच्या रेग्युलेटरवरच्या गेजसाठी जी कव्हरं विकतात, तीही माप जुळलं तर बसतात.

घेताना एकच गोष्ट आधी बघा: कव्हरची पुढची कड काचेच्या वर उठलेली हवी. दोन-तीन मिलिमीटर पुरे. गेज तोंडावर पडलं की जमिनीला ती कड टेकते, काच टेकत नाही. कड काचेच्या पातळीतच असेल तर ते कव्हर फक्त दिसायला आहे.

२. माझं गेज पडलं, पण साधा ओरखडाही नाही. तरी ते चुकीचं दाखवू शकतं का?

हो, आणि हाच सगळ्यांत घातक प्रकार आहे.

डायलच्या गेजच्या आत कोयत्यासारखी वाकवलेली चपटी पितळी नळी असते. फ्रान्समधल्या यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून तिला बूर्दाँ नळी म्हणतात. हवा आत शिरली की नळी किंचित सरळ व्हायला बघते. तिच्या टोकाची हालचाल अगदी थोडी, काही मिलिमीटरच असते. ती दातेरी पात्यावर जाते, पातं छोट्या चक्रीला फिरवतं आणि चक्रीच्या शाफ्टवर बसवलेला काटा डायलभर फिरतो. आतली एवढीशी हालचाल बाहेर मोठी होऊन दिसते, तशीच आतली एवढीशी चूकही मोठी होते.

आपटल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. काटा शाफ्टवर नुसता दाबून बसवलेला असतो, तो थोडा फिरतो. पात्याचा एखादा दात चक्रीवरून उडी मारतो. किंवा केसासारखी बारीक स्प्रिंग स्वतःतच अडकते आणि काटा मध्येच थबकायला लागतो. यातलं काहीही काचेतून दिसत नाही.

काच फुटलेलं गेज माणूस बाजूला ठेवतो. न फुटता बिघडलेलं गेज तो वापरत राहतो, आणि त्याच्या भरवशावर समृद्धीवर सलग चारशे-पाचशे किलोमीटर गाडी पळवतो. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकून तापते, आणि तापून फुटते. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

३. एवढंसं रबर एवढा धक्का कसा काय अडवतं?

थांबायला जागा देऊन. कमरेइतक्या, म्हणजे साधारण एक मीटर उंचीवरून पडलेलं गेज जमिनीपाशी येतं तेव्हा त्याचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. उघडं गेज कोब्यावर आदळलं तर थांबायला त्याला जेमतेम एक मिलिमीटर मिळतो. म्हणजे आतल्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या सरासरी हजारपट जोर. तेच रबर दोन मिलिमीटर दबलं तर जोर पाचशेपटीवर येतो.

पाचशेपट हाही थोडाथोडका धक्का नाही. पण काटा सरकणं आणि न सरकणं यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो. पातळ, फुग्यासारखं कव्हर उपयोगाचं नाही ते याच कारणाने: दबायला त्याच्यात काही नसतंच. कडेला निदान चार-पाच मिलिमीटर जाडी हवी.

४. कव्हर घातल्यावर आकडा बरोबरच राहील ना? की तरीही तपासायचं?

तपासायचं. कव्हर धक्का कमी करतं, आकड्याची हमी देत नाही. पडल्यावर तर तपासायचंच, कव्हर असो नसो.

"काटा शून्यावर आहे म्हणजे गेज ठीक" असं बरेच जण धरून चालतात. बऱ्याच डायलवर शून्याजवळ एक बारीक पिन असते आणि काटा तिला टेकून थांबतो. समजा, काटा तीन पॉइंट, म्हणजे तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), खाली सरकलाय. त्याला खरं तर शून्याच्या खाली जायचं असतं, पण पिन त्याला अडवते. तुम्हाला शून्य स्वच्छ दिसतं, आणि ३० च्या जागी गेज २७ दाखवतं. म्हणून तपासणी नेहमी वापरातल्या दाबावर करा.

घरी करायची पद्धत सोपी आहे. टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान दोन-तीन तास उभी असताना, आधी आपल्या गेजने मोजा, मग भरवशाच्या दुसऱ्या गेजने, मग पुन्हा आपल्या गेजने. प्रत्येक वेळी तोंड लावताना थोडी हवा जाते, स्कूटरच्या छोट्या टायरमधून तर चांगलीच. आपल्या गेजचे पहिला आणि तिसरा आकडा बघितले की किती हवा गेली ते कळतं आणि ती दुसऱ्या गेजच्या माथी मारली जात नाही. फरक एका पीएसआयच्या आत असेल तर खुशाल वापरा. दोनच्या वर गेला तर दुरुस्तीला द्या. "आपण तेवढे दोन धरून चालू" असं करू नका, कारण हा फरक सगळ्या दाबांवर सारखा असेलच असं नाही.

५. कव्हर घ्यायचं तर माप कुठलं सांगायचं? दुकानदार 'दोन इंची की अडीच इंची' विचारतो.

तो डायलचं माप विचारतो: दोन इंची म्हणजे ५० मिलिमीटर, अडीच इंची म्हणजे ६३. पण कव्हर डायलवर बसत नाही, डबीवर बसतं, आणि डबी काचेभोवतीच्या रिंगपाशी डायलपेक्षा काही मिलिमीटर मोठी असते. म्हणून तीन मापं लिहून न्या. रिंगचा बाहेरचा व्यास, डबीची जाडी, आणि दांडा खालून निघतो की मागून. सगळ्यांत चांगलं म्हणजे गेजच घेऊन जा.

कव्हर थोडं ताणूनच बसायला हवं. हातात फिरवलं तर गेजवर फिरत असेल तर ते सैल आहे. पडताना गेज त्यातून सुटतं, आणि मग उघडंच आपटतं.

६. नैसर्गिक रबर, नायट्राइल, सिलिकॉन, ईपीडीएम... नेमकं कोणतं घेऊ?

गेज कुठे राहणार आहे त्यावर ठरवा.

गॅरेजमध्ये, जिथे ऑइलचे आणि पेट्रोलचे हात लागतात, तिथे नायट्राइल. नैसर्गिक रबर पेट्रोल आणि तेल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं. धक्का ते चांगलं झेलतं हे खरं, पण ते कोरड्या, स्वच्छ जागेसाठी. ईपीडीएम ऊन, पाऊस आणि हवेतला ओझोन वर्षानुवर्षं सोसतं, पण तेलापुढे तेही टिकत नाही. उघड्यावरच्या, तेल न लागणाऱ्या गेजसाठी ते उत्तम. सिलिकॉनला उष्णतेचं काही वाटत नाही, मात्र एकदा चीर पडली की ती पटकन वाढत जाते.

घरच्या गाडीसाठी कोणतंही जाड रबर चालेल. रबर म्हणून मऊ प्लास्टिकचं पीव्हीसी विकतात, ते मात्र टाळा. कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

७. काळं घेऊ की पिवळं-केशरी?

काळ्या रबरात कार्बन ब्लॅक असतं. ते रबराला मजबुती देतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतं, म्हणून काळं कव्हर जास्त वर्षं जातं. रंगीत कव्हर रात्री रस्त्याकडेच्या गवतात पडलं तरी सापडतं. मी गाडीतल्या गेजला केशरी घालतो, दुकानातल्या गेजना काळं.

८. जुन्या ट्यूबचं कव्हर घरी करता येईल का?

येईल, आणि चांगलं होतं. गाड्यांच्या बऱ्याचशा ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात. हवा धरून ठेवणारं हे रबर ऊन-वाऱ्यालाही दाद देत नाही. फक्त पेट्रोल लागू देऊ नका.

ट्यूब सपाट ठेवून तिची रुंदी मोजा. गेजच्या रिंगच्या व्यासाला १.५७ ने गुणलं की जी रुंदी येते ती बरोबर मापाची, आणि आपल्याला ताण हवा म्हणून त्यातून दहावा हिस्सा कमी करायचा. रिंग ५५ मिलिमीटरची असेल तर ८६ येतात, म्हणजे ७८ च्या आसपास रुंदीची ट्यूब शोधायची. डबीच्या जाडीपेक्षा दीडपट लांब पट्टा कापा, दांड्यासाठी भोक पाडा. भोक पंचने गोल पाडा. ब्लेडने चीर दिलीत तर ती ताणाखाली फाटत जाईल.

ट्यूबचं रबर पातळ असतं, म्हणून एकावर एक दोन-तीन पट्टे चढवा. वरचा पट्टा काचेपेक्षा थोडा पुढे काढा, की प्रश्न १ मध्ये सांगितलेली कड तयार होते. पंक्चरचं सोल्युशन लावून पट्टे एकमेकांना चिकटवले तरी चालतात, पण गेजला चिकटवू नका. पुढेमागे ते काढावं लागणारच आहे.

९. कव्हर बसतच नाही. ग्रीस लावून चढवू का?

ग्रीस नको, तेल नको. रबर खराब होईल आणि कव्हर कायमचं निसरडं होईल. कव्हर पाच मिनिटं कडकडीत गरम पाण्यात टाका, बाहेर काढून पुसा आणि मऊ आहे तोवर चढवा. तरी अडलं तर आतून शंखजिऱ्याची पूड भुरभुरवा. पंक्चरवाल्याकडे असतेच. साधी टाल्कम पावडरही चालते.

आधी दांडा भोकातून घाला, मग मागची बाजू, शेवटी पुढची कड. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, रिंग वाकते आणि काच सैल होते.

१०. पावसाळ्यात कव्हरच्या आत पाणी साचतं. काढूनच ठेवू का?

काढून ठेवू नका, पण अधूनमधून काढून पुसा. कव्हर पाण्याला आत जाऊ देतं आणि बाहेर यायला वेळ लावतं. रिंग आणि डबी यांच्या सांध्यात ओल राहिली की गंज तिथूनच सुरू होतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा असल्यामुळे हे फार लवकर होतं. तिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला कव्हर काढा, डबी कोरड्या फडक्याने पुसा, कव्हर सावलीत वाळवा. बंद पाठीचं कव्हर असेल तर खालच्या बाजूला दोन बारीक भोकं पाडली की पाणी निथळून जातं.

काचेच्या आतून धुकं धरत असेल तर दोष कव्हरचा नाही. डबीच्या आत ओल शिरली आहे. गेज उघडून वाळवावं लागेल.

११. कव्हर घातलेलं गेज डिकीत टाकून ठेवलं तर चालेल ना?

चालेल, पण जॅक आणि पान्याबरोबर मोकळं सोडू नका. खड्ड्याखड्ड्याला तो पाना काचेवर येतो, आणि काचेवर कव्हर नसतं. जुन्या मोज्यात घालून ठेवा. डॅशबोर्डवर उन्हात तर मुळीच नको. तिथल्या उष्णतेने रबर लवकर कडक होतं आणि डिजिटल गेजची बॅटरी खराब होते.

१२. डिजिटल गेजला आणि पेन्सिलसारख्या गेजलाही कव्हर लागतं का?

डिजिटलमध्ये नळी, चक्री, काटा काही नसतं. दाब एका छोट्या सेन्सरवर पडतो. त्यामुळे प्रश्न २ मधले बिघाड त्याला होत नाहीत. पण पडल्यावर पडदा फुटतो, किंवा बॅटरीची पट्टी सैल होऊन गेज मध्येच बंद पडतं. कव्हर घाला, फक्त बटण दाबलेलं राहत नाही ना ते बघा. घट्ट कव्हरखाली बटण सतत दबलेलं राहिलं तर बॅटरी लवकर संपते.

पेन्सिल गेजला कव्हरची गरज नाही. त्याचं तोंड वाळूने भरू नये एवढी काळजी घ्या.

१३. आमच्या हवा भरायच्या गनवरचं गेज महिन्या-दोन महिन्याला फुटतं. कव्हर घालूनही फुटलं. काय करू?

गनवरच्या गेजइतके हाल दुसऱ्या कुठल्याच गेजचे होत नाहीत. दिवसातून पन्नास वेळा ते हातातून सुटतं, पाइपला लटकत जमिनीवर घासतं, कधी गाडीच्या चाकाखालीही येतं. शिवाय गन जड असते. पडताना सगळ्या गनचं वजन गेजवर येतं, आणि एकट्या गेजसाठी केलेलं कव्हर त्याला पुरत नाही.

कव्हर ठेवाच, पण खरा उपाय वेगळा आहे: गन जमिनीपर्यंत पोचूच देऊ नका. भिंतीला किंवा खांबाला छातीच्या उंचीवर हुक लावा आणि पाइपची लांबी अशी ठेवा की सोडल्यावर गन कोब्यापासून वीतभर वर लोंबेल. ते जमत नसेल तर जिथे हवा भरता तिथे जुन्या टायरचा तुकडा किंवा रबरी मॅट टाका. त्यानेही प्रश्न ३ मधलीच थांबायची जागा मिळते, फक्त ती गेजऐवजी जमिनीवर असते.

अशा गेजची तपासणी आठवड्याला करा. दिवसभरात कितीतरी अनोळखी माणसं तुमच्या आकड्यावर विसंबून रस्त्याला लागतात.

१४. कव्हर चिकट झालंय आणि काचही धूसर दिसते. पेट्रोलने पुसू का?

थांबा. काच खरी नसून ॲक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असेल, तर पेट्रोल आणि थिनरने तिला बारीक चिरा जातील. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, एवढंच वापरा.

चिकटपणा बहुधा दोन कारणांनी येतो. तेल लागून रबर सडतंय, किंवा ते रबर नसून पीव्हीसी आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि प्लास्टिकच्या काचेत उतरून तिला धूसर करतं. दोन्ही वेळा कव्हर बदला, धुऊन ते परत चांगलं होत नाही. याउलट कडक होऊन ताणाच्या जागी चिरा पडलेलं कव्हर ऊन आणि ओझोनने म्हातारं झालेलं असतं. अंगठ्याने दाबून पाहा, दबत नसेल तर तेही बदला.

१५. कव्हर काढलं तर आतलं पितळ काळं पडलेलं. गेज गेलं का?

नाही. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात. त्याचा अंश पितळेतल्या तांब्याशी मिळून काळा थर धरतो. तो वरवरचा असतो, आकड्यावर परिणाम होत नाही. हिरवट पूड दिसली तर मात्र ती ओलीची खूण आहे, प्रश्न १० पाहा.

१६. गेजच्या मागे एक भोक आहे, कव्हरने ते झाकलं जातं. काही डब्यांवर रबरी बूचही असतं. झाकलं तर चालेल?

झाकू नका. आतली नळी कधी फुटलीच तर डबीत कोंडलेल्या हवेने काच तोंडावर उडू नये, म्हणून ती वाट ठेवलेली असते. कव्हरला त्या जागी तेवढंच भोक पाडा.

ग्लिसरीन भरलेल्या गेजचं बूच वर असतं. उन्हात आतलं द्रव फुगतं, बंद डबीत दाब वाढतो आणि काटा चुकतो. बुचाला टोक असेल किंवा ते उघडण्याची सोय असेल तर वापरताना तेवढा दाब मोकळा करतात. कव्हरने बूच दाबलं जात असेल तर तिथे खाच कापा.

१७. स्कूटरसाठी घेतलेलं गेज ट्रकच्या टायरला लावलं. काटा टोकाला जाऊन आपटला. कव्हर होतं, मग नुकसान झालं असेल का?

झालं असण्याची शक्यता बरीच आहे. हा मार आतून बसतो, कव्हरचा त्याच्याशी संबंधच नाही. ट्रकच्या टायरमध्ये १०० पीएसआयच्या वर हवा असते. ६० पर्यंतच्या गेजची नळी त्या दाबाने कायमची उघडते आणि परत मूळ आकारात येत नाही. पुढे ते गेज प्रत्येक टायरला खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, आणि माणूस हवा पुरेशी आहे असं समजतो. प्रश्न ४ प्रमाणे तपासा.

उलट चूकही होते. सगळ्याला चालेल म्हणून १५० पीएसआयचं गेज घेतात आणि त्यावर कारचे ३२ बघतात. डायलवर 'क्लास २.५' असेल तर पूर्ण स्केलच्या अडीच टक्के चूक मान्य असते. १५० च्या स्केलवर ती पावणेचार पीएसआय होते, ६० च्या स्केलवर दीड. आपला नेहमीचा आकडा डायलच्या मध्यावर येईल असं गेज घ्या.

१८. मुंबईहून महाबळेश्वरला गेलो. वर पोचल्यावर गेज दोन पॉइंट जास्त दाखवत होतं. नवीन घट्ट कव्हरमुळे असेल का?

कव्हरमुळे नाही. रबरी कव्हर डबीला हवाबंद करत नाही, त्यामुळे काट्यावर त्याचा दाब येत नाही. गेज टायरमधल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक दाखवतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे आणि तिथे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण दोन पीएसआयने कमी असतो. टायरमधली हवा तीच, पण फरक तेवढा वाढतो. शिवाय घाट चढून टायर तापलेले असतात, त्याची भर वेगळी.

रात्रभर गाडी थंडीत उभी राहिली की आकडा पुन्हा उतरतो, कारण दर सहा-सात अंशांना कारच्या टायरमधला दाब एका पीएसआयच्या आसपास हलतो. म्हणून वर पोचल्या पोचल्या हवा सोडू नका. तिथे चार-आठ दिवस राहणार असाल तर सकाळी थंड टायरला मोजून मग ठरवा. आणि वर हवा सोडली असेल तर मुंबईत परतल्यावर टायर थंड होऊ द्या आणि लगेच पुन्हा मोजा, कारण खाली तेवढी हवा कमी भरेल.